टांझानियात तंबूतली सफारी: मे महिन्यात जावं का, आणि रात्रीचं काय?

कोथरूडची_चिमणी

नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होते, आज धागा काढतेय कारण या विषयावरून घरात रोज जेवताना वाद चाललाय. आम्ही चौघं जाणार: मी, नवरा, तेरा वर्षांचा मुलगा आणि सासरे (वय ६८, रोज पर्वती चढतात, गुडघे ठणठणीत, फक्त रात्री उठावं लागतं). टांझानियाला जायचंय आणि लॉजबिज नको, जंगलात तंबू ठोकून राहायचं असं आजोबा-नातवाने परस्पर ठरवून टाकलंय. नवरा म्हणतो एवढे पैसे देऊन जमिनीवर कोण झोपतं.

अरूशा शहरातल्या दोन-तीन सफारी ऑपरेटरांकडून कोटेशन मागवली, सगळ्यांचा साचा तोच. एक दिवस तारांगिरे, एक दिवस लेक मन्यारा, सेरेंगेटीत दोन रात्री, न्गोरोन्गोरो, की परत. आम्हाला सुट्टी मे महिन्यात असते, तर एक जण म्हणाला मे मध्ये या, भरपूर डिस्काउंट देतो. यात काही गोम आहे का? दुसरं म्हणजे तंबूत राहूनही आकडा एवढा मोठा का येतो, लॉजपेक्षा थोडाच कमी आहे. आणि तिथल्या कॅम्पसाइटला म्हणे कुंपण नसतं, हे खरंय का हो? सासरे शाकाहारी आहेत, अंडंही नाही. अनुभवी लोकांनी कृपया सांगा, टोमणे मारले तरी चालतील.

दारेसलामची_सून

चिमणी, टोमणे नाही मारत, पण मे नको. बरीच वर्षं या देशात राहतेय म्हणून सांगते, मार्चअखेर ते मे हा इथला मोठा पावसाळा. डिस्काउंट उगाच नाही देत कुणी. सेरेंगेटीच्या आतले रस्ते कच्चे, त्यातली काळी माती भिजली की जीप रुतते, गवत कमरेएवढं वाढलेलं असतं आणि त्यात सिंह बसला असेल तर फक्त कानांची टोकं दिसतात. लॉजवाल्यांचं चालून जातं, संध्याकाळी कोरड्या खोलीत जातात. तुम्ही तंबूत, ओल्या गादीवर.

पण तुमची शाळा स्टेट बोर्डाची असेल तर जूनच्या मध्यापर्यंत सुट्टी असते ना? मग जूनचा पहिला आठवडा धरा. पाऊस संपलेला असतो, सगळं अजून हिरवं असतं, धूळ कमी. विल्डबीस्टचे कळप त्या सुमारास सेरोनेराच्या (सेरेंगेटीचा मधला भाग) आसपास आणि पश्चिमेला ग्रुमेती नदीकडे सरकत असतात, म्हणजे नशीब बरं असेल तर वाटेतच भेटतील. मगरींच्या तोंडातून उड्या मारत नदी पार करणं, ते जे टीव्हीवर दिसतं, ते मारा नदीवर, पार उत्तरेला कोगातेंडेकडे आणि साधारण जुलैअखेर ते ऑक्टोबर. त्याचा नाद सोडा. सेरोनेराहून तिथे जायला अजून चार-पाच तास लागतात आणि नदीकाठी ताटकळत बसून कळप मागे फिरला असंही होतं.

आता पैशाचं. तुम्ही तंबूचे पैसे देत नाही आहात, पार्कचे देताय. सेरेंगेटीची फी परदेशी मोठ्या माणसाला चोवीस तासांची ७० डॉलर, वर १८ टक्के व्हॅट. तंबू टाकायचे माणशी ३० डॉलर वेगळे, त्यावरही व्हॅट. न्गोरोन्गोरोची फी वेगळी, आणि तिथल्या क्रेटरमध्ये, म्हणजे ज्वालामुखीच्या मोठ्या खळग्यात, एकदा जीप खाली उतरवायचे २५० डॉलर अधिक व्हॅट. बरं, अरूशाहून रस्त्याने सेरेंगेटीला जायचं तर न्गोरोन्गोरोच्या हद्दीतूनच जावं लागतं, त्याचेही द्यावे लागतात. जीप, डिझेल, ड्रायव्हर-गाइड हे सगळं लॉजवाल्याला नि तंबूवाल्याला सारखंच. वाचतं ते फक्त खोलीभाडं. एक चांगली गोष्ट, ५ ते १५ वयाला फी बरीच कमी आहे, तेव्हा मुलगा सोळाचा व्हायच्या आत उरकून घ्या. (फी दर थोड्या काळाने बदलतात, कोटेशनमध्ये पार्क फीची ओळ वेगळी दाखवायला सांगा. जो दाखवत नाही त्याला रामराम.)

कुंपणाबद्दल रात्री लिहिते, आत्ता कुकर लागलाय.

सदाभाऊ_ठाणे

एवढ्या पैशात ताडोबा किती वेळा होईल याचा हिशोब केलाय का कुणी? आपल्याकडे वाघ आहे. तिकडे वाघ नाही. विषय संपला.

वर्धेचा_वाघ्या

सदाभाऊ, ताडोबा आमच्या अंगणात आहे, प्रेम तुमच्यापेक्षा जास्तच. पण त्यांना तंबूत राहायचंय ना भाऊ. आपल्याकडे कोअरमध्ये रात्री पर्यटकाला राहू देतात का? सकाळची फेरी झाली की बाहेर, दुपारची झाली की बाहेर, मंगळवारी कोअर बंद. आणि बफरमधल्या त्या 'टेंट'मध्ये एसी आणि गीझर असतो, त्याला तंबू म्हणायचं का ते ज्याचं त्याने ठरवावं. जंगलातली रात्र पाहिजे तर आपल्याकडे एकच, बुद्ध पौर्णिमेला मचाणावर बसणं. ते ज्याने केलं त्याला कळतं की रात्री जंगल दिसत नसतं, ऐकू येत असतं. तिकडे ते रोज रात्री मिळतं, आणि तेही जमिनीवरून. मला हेवा वाटतो.

ताई, सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा.

सदाभाऊ_ठाणे

मचाणाला +१. बाकी मत कायम.

लेन्सवाला_लंबू

फोटोग्राफीच्या अंगाने लिहितो. कोटेशनमधलं मन्यारा आधी काढून टाका. वाईट नाहीये, पण सहा दिवसांत चार पार्क म्हणजे प्राण्यांपेक्षा गेट जास्त बघाल. प्रत्येक गेटवर परमिटसाठी थांबायचं, सामान बांधायचं-सोडायचं, त्यात अर्धा दिवस जातो. ते दिवस सेरोनेराला द्या. तिथे सिंह, चित्ता, बिबट्या वर्षभर असतात, मायग्रेशन (विल्डबीस्टचं स्थलांतर) असो की नसो. सेरोनेरा नदीकाठच्या झाडांवर बिबट्या शोधायचा आणि खडकांच्या टेकाडांवर, ज्यांना कोप्ये म्हणतात, तिथे सिंह. पहिल्या दिवशी दिसलेली सिंहीण दुसऱ्या दिवशी त्याच भागात पिल्लांसकट सापडते, ही मजा एका रात्रीच्या मुक्कामात नाही. तीन रात्री सेरेंगेटीत, त्याखाली जाऊच नका.

आणि चोवीस तासांचा घोळ समजून घ्या. परमिट सेरेंगेटीच्या नाबी हिल गेटवर शिक्का पडल्यापासून मोजतात. दुपारी एकला आत गेलात तर निघायच्या दिवशीही एकच्या आत बाहेर पडायचं, नाहीतर आणखी एका दिवसाची फी. आमच्या ड्रायव्हरने शेवटच्या सकाळी घड्याळ बघत बघत जीप अशी पळवली की वाटेत चित्ता बसलेला दिसूनही थांबला नाही. म्हणून आत जायची वेळच उशिराची ठेवायला सांगा, जाताना वाटेत ओल्डुपाई घळ बघा, लीकी दांपत्याने जिथे आदिमानवाचे अवशेष शोधले ती. १९५९ मध्ये मेरी लीकीला ती प्रसिद्ध कवटी मिळाली ती तिथलीच. म्युझियम आहे, मुलाला आवडेल. नाबीला मग दुपारी पोचा.

जीप उघड्या छताची लँड क्रूझरच मागा, चौघांना चार खिडक्या. अनोळखी ग्रुपमध्ये घुसवत असतील तर एका गाडीत किती लोक ते लेखी घ्या. कॅमेरा टेकवायची बीन बॅग रिकामी घेऊन जा आणि अरूशाच्या बाजारात तांदूळ किंवा राजमा भरा, वजन वाचतं. १००-४०० लेन्स पुरेशी. चार्जिंग गाडीत होतं, कॅम्पवर भरवसा नाही. प्लग आपल्यासारखे नाहीत, तीन चौकोनी पिनांचा, इंग्लंडवाला. ड्रोन घरी ठेवा, परवानगीशिवाय जप्त होतो.

दारेसलामची_सून

हां, आता कुंपण.

नाही. नसतं. सेरोनेराच्या सार्वजनिक कॅम्पसाइटवर एक मोकळं मैदान असतं, त्यावर सगळ्यांचे तंबू शेजारी शेजारी, एका बाजूला संडास-मोरी, आणि एक जाळीने बंद केलेलं स्वयंपाकघर. म्हणजे माणसाचं जेवण पिंजऱ्यात आणि माणूस बाहेर! त्यामागे कारण आहे. खाण्याचा वास तंबूत नको. चिवड्याची पुडी, बिस्किटं, अगदी टूथपेस्टसुद्धा रात्री जीपमध्ये ठेवायची. बूट तंबूच्या आत घ्यायचे, तरस चामड्याचे बूट चावायला उचलून नेतात, हे गाइड गंमत म्हणून सांगत नाहीत.

रात्री तंबूची चेन पूर्ण बंद ठेवली तर प्राणी तंबूला एक मोठा दगड समजून वळसा घालून जातात. धोका आहे तो झोपेत उठून अंधारात चालत सुटणाऱ्याला. सिंहापेक्षा मला तरी रानरेड्याची भीती जास्त, तो कॅम्पवर चरायला येतो आणि बिचकला की सरळ अंगावर. मी एकदा तंबूत पडल्या पडल्या डोक्यापासून हातभर अंतरावर गवत उपटल्याचा आवाज ऐकलाय, खर्र... खर्र... मध्ये एक लांब उसासा, मग पोटातली गुडगुड. कापडाच्या पलीकडे कोण आहे ते बघायची हिंमत झाली नाही. सकाळी गाइडने ठसे दाखवले, रेडाच होता. नवरा शेजारी घोरत होता, त्याला अजून पटत नाही.

म्हणून सासऱ्यांचा प्रश्न महत्त्वाचा आहे, लाजू नका. रात्री संडासापर्यंत जायचंच नाही. रुंद तोंडाची, झाकणाची बाटली तंबूत ठेवायची (आम्ही बायका झाकणाची छोटी बादली ठेवतो, सांगून टाकते). अगदी जायचंच झालं तर आधी आतूनच चारी बाजूंना टॉर्च फिरवायचा, चमकणारे डोळे दिसले की परत झोपायचं, नाही दिसले तर गाइडला हाक मारून दोघांनी जायचं. आणि ऑपरेटरला सांगा, उभं राहता येईल असा मोठा तंबू आणि सासऱ्यांना खाट पाहिजे. थोडे जास्त पडतात पण पहाटे जमिनीवरून उठण्याची कसरत वाचते.

कोथरूडची_चिमणी

बापरे! सासऱ्यांना वाचून दाखवलं, ते म्हणाले बाटली काय, एसटीच्या प्रवासात आयुष्य गेलं आमचं. नवरा गप्प आहे.

जूनचं पटलं. शाळा जूनच्या मध्यात उघडते, तोवर येऊ परत. मन्यारा काढलं. पण मग तारांगिरे ठेवू की तेही काढू?

वर्धेचा_वाघ्या

ठेवा ठेवा. मी गेलो नाही पण तिथल्या गोरखचिंचांसाठी तरी. वसईच्या किल्ल्यात आहेत ना जाडजूड बुंध्यांच्या, तोच वृक्ष, फक्त तिकडे त्याच्याखाली हत्ती उभे असतात.

लेन्सवाला_लंबू

तारांगिरे ठेवा, हत्तींसाठीच. जून हा सुरुवातीचा काळ, कोरड्यात जसजसं बाहेरचं पाणी आटतं तसे कळप नदीवर जमायला लागतात, ऑगस्ट-सप्टेंबरइतके नसतील पण भरपूर दिसतील. फक्त त्सेत्से माश्या. निळे आणि काळे कपडे नकोत, गडद निळ्यावर तर तुटून पडतात, आणि जीन्समधूनही चावतात. ओडोमॉसला दाद देत नाहीत. खाकी, बदामी, फिकट हिरवं घाला.

डॉ_गोळीबाज

वैद्यकीय बाजू कुणीच लिहिली नाही म्हणून लिहितो. ऑनलाइन सल्ला म्हणूनच घ्या, आपल्या डॉक्टरांना भेटा.

मलेरिया आहे, प्रतिबंधक गोळ्या घ्यायच्या. कुठल्या ते वय, बाकीची औषधं, पोट यावर ठरतं. काही गोळ्या परत आल्यावरही चार आठवडे चालू ठेवाव्या लागतात आणि लोक घरी आलं की बंद करतात, तेवढं करू नका.

यलो फीवर: मुंबईहून तुमची फ्लाइट बहुधा आदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे असेल, इथिओपिया आणि केनिया दोन्ही यलो फीवरच्या यादीतले देश आहेत. तिथे मुक्काम लांबला तर टांझानियात शिरताना सर्टिफिकेट मागतात, आणि भारतात परतताना आपले लोकही याबाबत फार कडक आहेत, सर्टिफिकेट नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रातच मिळते, प्रवासाच्या किमान १० दिवस आधी, आणि एकदा घेतली की सर्टिफिकेट आयुष्यभर चालतं. केंद्रांवर अपॉइंटमेंटची रांग असते, म्हणून आजच बघा.

पण सासरे ६८. साठीनंतर पहिल्यांदा ही लस घेताना गंभीर दुष्परिणामाचा धोका थोडा वाढतो, त्यामुळे सरसकट टोचून घेऊ नका. आधी फिजिशियन, मग केंद्रातल्या डॉक्टरांशी बोलणं, आणि लस नको ठरलं तर सूट-पत्राचं काय, ते कुठे चालतं, हे सगळं तिकीट काढायच्या आधी. तिकीट आधी आणि लस नंतर असा उलटा क्रम लावू नका. कुठल्या विमानतळावर किती तास थांबायचं यावरही बरंच अवलंबून आहे.

कोथरूडची_चिमणी

डॉक्टर, हे कुठल्याच ऑपरेटरने सांगितलं नव्हतं हो. मनापासून धन्यवाद, सोमवारीच फोन करते.

खादाड_खवय्या

मुख्य मुद्दा राहिला ना लोकहो, जेवण!

शाकाहारी आरामात होतं. कॅम्पिंग सफारीत स्वयंपाकी बरोबर असतो आणि ही माणसं त्या जाळीच्या खोलीत गॅसच्या एका शेगडीवर जे करतात ते बघून थक्क व्हायला होतं. रोज रात्री गरम सूप, काकडीचं, भोपळ्याचं. भात, माहारागे म्हणजे आपला राजमाच, कोबी, पालकासारखी भाजी, आणि चपाती, हो, चपातीच म्हणतात, जरा जाड आणि तेलकट. कचुंबरीही मिळते, कांदा-टोमॅटोची, तुम्हाला घरच्यासारखंच वाटेल. अंडं-मासे-चिकन सूपचा क्यूब काहीही नको हे लेखी आणि तोंडी दोन्ही सांगा, क्यूब विशेषकरून. बरोबर मेतकूट, दाण्याची चटणी, लिंबाचं लोणचं न्या. सासऱ्यांना सकाळी पोहे हवे असतील तर पोहेही न्या आणि स्वयंपाक्याला शिकवा, मजा येते.

दुपारी मात्र डब्यातलं थंड जेवण. आणि न्गोरोन्गोरो क्रेटरमध्ये न्गोइतोकितोक म्हणून तळ्याकाठी जेवायची जागा आहे, तिथे घारींपासून सांभाळा!! मी सँडविच तोंडाशी नेलं आणि पुढच्या क्षणी हातात नुसता कागद. वरून पंखांचा फटका गालावर. शेजारच्या जर्मन काकू हसून हसून खाली बसल्या, तेवढ्यात त्यांचं केळं गेलं. जेवायचं ते जीपमध्ये बसून, खिडक्या लावून.

दारेसलामची_सून

हाहा, घारी अगदी अगदी.

क्रेटरवरून आठवलं. बहुतेक जण शेवटची रात्र क्रेटरच्या कडेवरच्या सिंबा कॅम्पसाइटला ठेवतात. जागा अप्रतिम आहे पण ती साधारण २३०० मीटरवर आहे आणि जून-जुलै म्हणजे तिथला कडाक्याचा थंडीचा काळ. ढग खाली उतरतात, सगळं ओलं, आणि ऑपरेटरने दिलेली स्लीपिंग बॅग कधीच पुरत नाही. माझं मत, सेरेंगेटीत तीन रात्री तंबू, आणि क्रेटरच्या आदल्या रात्री खाली कराटू गावात साध्या लॉजमध्ये राहा. गरम पाण्याची अंघोळ, सासऱ्यांना पलंग, आणि नवऱ्याचाही मान राहील. गेट सकाळी सहाला उघडतं, कराटूहून फार लांब नाही.

लेन्सवाला_लंबू

असहमत. सिंबा सोडू नका. हत्ती कॅम्पच्या पाण्याच्या टाकीवर सोंड लावून पाणी प्यायला येतो, लोक ताटं हातात घेऊन बघत उभे असतात, असं दुसरीकडे कुठे दिसणार? थर्मल घाला, कानटोपी घाला, गरम पाण्याची पिशवी घ्या. एक रात्र थंडी वाजली तर काय बिघडलं.

दारेसलामची_सून

लंबू, तुम्ही ६८ चे नाही आहात.

लेन्सवाला_लंबू

मान्य. पण त्यांचे सासरे पर्वती चढतात.

ठाण्याची_ठकू

मी एकटी बाई, मला कुणी सांगेल का, एकटीने असं जाता येतं का? पूर्ण जीपचा खर्च परवडणार नाही.

दारेसलामची_सून

ठकू, येतं. अरूशात ठरावीक तारखांना निघणाऱ्या ग्रुप कॅम्पिंग सफारी असतात, जीपमध्ये पाच-सहा जण, तंबू वेगळा मागता येतो. ऑपरेटरचं टाला लायसन्स (पर्यटन व्यवसायाचा सरकारी परवाना) विचार, टाटो या त्यांच्या संघटनेचा सदस्य आहे का बघ, आणि पूर्ण पैसे आधी भरू नकोस. आमच्या ओळखीतल्या एकांना कुणीतरी फार स्वस्तात कोटेशन दिलं, आणि पहिल्याच दिवशी जीपचा पट्टा तुटून मंडळी दुपारभर तारांगिरेच्या वाटेवर बसली, बदली गाडी संध्याकाळी आली. कोटेशन इतरांपेक्षा खूपच खाली असेल तर ते गाडीच्या देखभालीतून किंवा ड्रायव्हरच्या पगारातून निघतं.

टिपेचंही धरून ठेव. गाइडला गाडीमागे दिवसाला २०-२५ डॉलर, स्वयंपाक्याला १०-१५, ग्रुपमध्ये वाटून. नोटा नव्या आणि न फाटलेल्या, फार जुन्या सालच्या डॉलरच्या नोटा इथे कुणी घेत नाही.

कोथरूडची_चिमणी

मंडळी, ठरलं साधारण. जूनचा पहिला आठवडा, तारांगिरे एक रात्र, सेरेंगेटी तीन रात्री तंबू, मग क्रेटर. सिंबा की कराटू यावर मतदान घेतलं, आजोबा-नातू सिंबा, मी आणि नवरा कराटू, बरोबरीत सुटलंय. सासऱ्यांनी परवा तुळशीबागेतून स्वतःसाठी कानटोपी आणली, म्हणजे काय ते समजून घ्या.

शेवटचा प्रश्न, चटण्या-मेतकूट प्लास्टिकच्या पिशव्यांत भरू की डबे घेऊ?

दारेसलामची_सून

डबे! २०१९ पासून इथे प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर बंदी आहे, विमानतळावर काढून घेतात. साबण-शाम्पूच्या झिपलॉक चालतात पण त्या परत घेऊन जायच्या. चपला-कपड्यांना कापडी पिशव्या आण. आणि बॅगा चाकांच्या कडक नकोत, मऊ डफल आण, जीपच्या मागे तंबू, गॅस, भाजी सगळं ठासून भरलेलं असतं. अरूशात पोचलीस की मेसेज कर, काही अडलं तर मी आहे.

सदाभाऊ_ठाणे

फोटो टाका आल्यावर. वाघ दिसला तर विशेष कळवा.